शेवटचा हात



भिंतीला रंग देणारा कारागीर पहिला हात, दुसरा हात असे मोजून काम करतो. शेवटचा हात कोणता, हे त्याला डबा उघडण्यापूर्वीच ठाऊक असते. त्याचा दर त्यावर ठरलेला असतो आणि पुढच्या आठवड्यात दुसरे घर त्याची वाट पाहत असते. घरात बसून स्वतःच्या गीतांचा अल्बम तयार करणाऱ्या कलावंताला मात्र शेवटचा हात कोणी नेमून देत नाही. तोच कवी, तोच गायक, तोच ध्वनिमुद्रक, तोच निर्माता. आणि काम पुरे झाले असे सांगणारा मुकादमही तोच. अडचण तेथेच सुरू होते.

आज हा विषय अनेक कुटुंबांचा झाला आहे. एक लॅपटॉप, एक बरा माइक, तो लॅपटॉपला जोडणारा ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन एवढ्या सामग्रीवर घरातील एखादी खोली ध्वनिमुद्रणाची खोली बनते. मुलगा किंवा मुलगी गाऊ लागली की भर उन्हाळ्यात पंखा बंद होतो, कुकर उशिरा लागतो, आजी-आजोबा दाराची कडी हलक्या हाताने लावतात. घरची माणसे हे सारे कौतुकाने सोसतात. परंतु सहा महिने जातात, वर्ष जाते, आणि "अल्बम कधी निघणार?" या प्रश्नाला "थोडेच राहिले आहे" हेच उत्तर मिळत राहते. हे उत्तर खोटे नसते. दररोज थोडेच राहिलेले असते. ते थोडे कधी संपत नाही, एवढेच.

मर्यादा कोठे गेल्या?

पूर्वीच्या कलावंतांना थांबावे कोठे हा प्रश्न पडत नसे, कारण त्यांना थांबवणारे पुष्कळ होते. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा एका तबकडीत जेमतेम तीन मिनिटे मावत. कर्ण्यासमोर उभे राहून गायचे आणि त्याच क्षणी ते मेणावर कोरले जायचे. त्यात मागाहून एक स्वरही बदलता येत नसे. तासन्‌तास रंगणारा राग तेवढ्या वेळात कसा बसवावा, हे त्या पिढीतील गायकांना शिकावे लागले, आणि ते त्यांनी शिकून घेतले.

पुढे टेप आली, तरी बंधने राहिलीच. लंडनमध्ये बीटल्स या वाद्यवृंदाच्या पहिल्या अल्बममधील १४ पैकी १० गीते ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी ध्वनिमुद्रित झाली. सर्वांत अवघड गीत, ‘ट्विस्ट अँड शाउट’, अगदी शेवटी घेण्यात आले. जॉन लेनन यांना त्या दिवशी सर्दी होती आणि दिवसभर गाऊन घसा पुरता बसला होता. पहिल्याच प्रयत्नात जे उमटले तेच अल्बममध्ये गेले. दुसरा प्रयत्न करून पाहिला तेव्हा आवाजच उरला नव्हता. स्टुडिओचे तासावारी भाडे, टेपवरील मोजके ट्रॅक, गायकाचा घसा आणि वादकांची घरी जाण्याची वेळ हे सारे मिळून मुकादमाचे काम करीत.

घरच्या लॅपटॉपने हे सर्व मुकादम एकदमच रजेवर पाठवले. ट्रॅक हवे तितके, भाडे शून्य, आणि केलेला प्रत्येक बदल एका कळीने मागे घेण्याची सोय. साखरेचा पाक करणारी गृहिणी एकतारी की दोनतारी हे पाहून आच बंद करते; क्षणभर उशीर झाला तर पाक पुढे जातो आणि परत आणता येत नाही. संगणकावरील पाक कधी करपत नाही, म्हणून आच बंद करण्याची घाई कोणालाच नसते.

या मोकळेपणाची किंमत वेळात मोजावी लागते. चार मिनिटांचे एक, अशी दहा गीते धरली तर अल्बम ४० मिनिटांचा होतो. प्रत्येक गीत ३० वेळा गाऊन ठेवले, तर ते सारे नुसते एकदा ऐकण्यासच २० तास लागतात. मग या गायनातील पहिली ओळ, त्या गायनातील दुसरी ओळ अशी जोडणी करायची, आणि ती पुन्हा ऐकायची. नोकरी किंवा शिक्षण सांभाळून रोज एक तास काढणाऱ्याचे महिने कोठे जातात, याचा हिशेब यातच आहे.

एका कॅसेटची हकीकत

थांबण्याचा निर्णय किती कठीण आणि किती मोलाचा असतो, याचे उत्तम उदाहरण अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या ‘नेब्रास्का’ या अल्बमचे आहे. हा गृहस्थ थांबण्याबद्दल मुळीच प्रसिद्ध नव्हता. १९७४ मध्ये ‘बॉर्न टू रन’ या एकाच गीतावर त्यांनी सुमारे सहा महिने खर्च केले होते. स्टुडिओत गीते रचत बसण्यात वेळ आणि पैसा फार जातो, हे ध्यानात आल्यावर त्यांनी ठरवले की पुढची गीते आधी घरी कच्च्या स्वरूपात मुद्रित करावी आणि मगच साथीदारांना घेऊन स्टुडिओत जावे.

त्याप्रमाणे जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील कोल्ट्स नेक येथील भाड्याच्या घरात, निजण्याच्या खोलीत, त्यांनी साध्या कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारे टीअॅक कंपनीचे लहान यंत्र मांडले. दोन सामान्य माइक, गिटार, माउथ ऑर्गन आणि प्रतिध्वनी देणारे एक यंत्र, असा मुख्यतः संसार. गीते दुःखी, एकाकी माणसांची होती. अल्बम करण्याचा हेतू नव्हता. साथीदारांना चाल कळावी एवढ्यासाठी हा कच्चा आराखडा होता. ती कॅसेट ते कित्येक आठवडे डबीशिवाय खिशात घेऊन हिंडत होते.

नंतर न्यूयॉर्कच्या स्टुडिओत, आपल्या नामांकित वाद्यवृंदासह, तीच गीते पुन्हा मुद्रित झाली. वादन उत्तम, यंत्रे उत्तम. परंतु अनेक गीतांतील माणूस हरवला. खोलीतील एकटेपणा हाच त्या गीतांचा प्राण होता आणि वाद्ये वाढली तसा तो आटत गेला. शेवटी खिशातली कॅसेट हाच अल्बम, असा निर्णय झाला. तो अमलात आणणे सोपे नव्हते. एवढ्या साध्या कॅसेटवरून तबकडी तयार करताना तंत्रज्ञांना फार कष्ट पडले. ३० सप्टेंबर १९८२ रोजी दहा गीतांचा ‘नेब्रास्का’ प्रसिद्ध झाला. आज तो त्यांच्या श्रेष्ठ कृतींमध्ये गणला जातो.

या हकीकतीचा अर्थ ‘पहिला प्रयत्न नेहमी श्रेष्ठ’ असा मात्र घेऊ नये. त्याच घरगुती मुद्रणात ‘बॉर्न इन द यूएसए’ हे गीतही होते. ते तेथे न थांबवता वाद्यवृंदासह पुन्हा उभे केले गेले आणि १९८४ च्या जगप्रसिद्ध अल्बमचे शीर्षकगीत ठरले. एकाच कॅसेटमधील काही गीते पूर्ण झालेली होती, एक गीत अजून वाढायचे होते. ‘आणखी काय करता येईल?’ असे विचारले असते तर सर्वच गीतांवर आणखी पुष्कळ काम करता आले असते. ‘केल्याने गीताचे काय होते?’ असे विचारल्यावर उत्तरे वेगवेगळी आली. घरी अल्बम करणाऱ्याने हा दुसरा प्रश्न पाठ करून ठेवावा.

असेच २००६-०७ च्या हिवाळ्यात घडले. विस्कॉन्सिनमधील जस्टिन व्हर्नन हे वडिलांच्या रानातल्या लाकडी घरात सुमारे तीन महिने एकटेच राहिले आणि तेथे काही गीते मुद्रित केली. पुढे ती नीट, नव्याने मुद्रित करावी असा त्यांचा मानस होता. ज्यांनी ती ऐकली त्यांनी ‘ही अशीच असू द्या’ असा आग्रह धरला. बॉन इव्हर या नावाने निघालेला त्यांचा हा पहिला अल्बम जगभर पोहोचला. येथे थांबण्याचा क्षण कलावंताच्या आधी ऐकणाऱ्यांना ओळखता आला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

जो थांबत नाही, त्याची बाजू

दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. टॉम शोल्झ हे एमआयटीत शिकलेले यंत्र-अभियंता पोलरॉइड कंपनीत नोकरी करीत आणि रात्री घराच्या तळघरात बसून ध्वनिमुद्रण करीत. बोस्टन या वाद्यवृंदाचा १९७६ चा पहिला अल्बम मुख्यतः त्या तळघरात तयार झाला. केवळ अमेरिकेतच त्याच्या १ कोटी ७० लाख प्रतींची नोंद आहे. दुसरा अल्बम १९७८ मध्ये आला. तो आपल्याकडून घाईने काढून घेतला गेला, अशी खंत शोल्झ यांच्या मनात राहिली. मग तिसरा अल्बम त्यांनी आपल्या गतीने केला. तो निघाला १९८६ मध्ये! मध्यंतरी ध्वनिमुद्रिका कंपनीशी न्यायालयीन वाद झाला, हेही त्या विलंबाचे एक कारण होते. अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. म्हणजे श्रम वाया गेले नाहीत.

तरीही दोन गोष्टी विसरू नयेत. शोल्झ यांनी याच काळात गिटारवादकांसाठी ‘रॉकमन’ नावाचे उपकरण शोधून त्याचा स्वतंत्र व्यवसाय उभा केला होता. आठ वर्षे थांबण्याची ऐपत त्यांनी कमावलेली होती. आणि १९७६ पासून २०१३ पर्यंतच्या ३७ वर्षांत त्यांच्या वाद्यवृंदाचे एकूण सहाच अल्बम निघाले. हा व्यवहार ज्याला मान्य असेल त्याने जरूर करावा, परंतु तो समजून-उमजून करावा. आपल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत तो व्यवहार कोणी ठरवलेलाच नसतो. तो आपोआप होत जातो.

कान का फसतो?

न थांबण्यामागे नेहमीच आळस किंवा अहंकार असतो असे नाही. पुष्कळदा कानच फसवतो. १९३३ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी दाखवून दिले की, मानवी कान सर्व ध्वनींना सारखा न्याय देत नाही. आवाज लहान असताना खर्जातील आणि अतितार ध्वनी आपल्याला तुलनेने कमी जाणवतात. आवाज वाढवला की ते भरून येतात. म्हणून तेच गीत किंचित मोठ्याने वाजवले तर ते अधिक भरदार, अधिक चांगले वाटते. कालच्या मिश्रणापेक्षा आजचे मिश्रण सरस वाटते तेव्हा ते खरोखर सरस आहे, की फक्त मोठे आहे, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

दुसरे कारण थकव्याचे. तासभर हेडफोन लावून बसल्यावर कानाची तीक्ष्णता कमी होते. मध्यरात्री आवाजाला ‘धार’ हवी असे वाटून तारध्वनी वाढवले जातात आणि सकाळी तेच गीत कर्कश लागते. मग ते पुन्हा उतरवायचे. तिसरे कारण परिचयाचे. जेथे आपला स्वर किंचित हलला होता, ती जागा आपल्याला पाठ झालेली असते. गीत सुरू झाल्यापासून आपण त्या जागेचीच वाट पाहतो. श्रोता मात्र गीत ऐकत असतो. त्याला ती जागा ठाऊकही नसते.

थांबण्याची चिन्हे

काम पूर्ण झाल्याची खूण बहुधा समाधानाच्या रूपाने येत नाही. समाधानाची वाट पाहणारा कायमचा वाट पाहतो. खरी चिन्हे वेगळीच असतात आणि ती वहीत सापडतात.

पहिले आणि सर्वांत भरवशाचे चिन्ह असे: दुरुस्त्या उलट फिरू लागतात. मागच्या आठवड्यात ‘आवाज पुढे आणावा’ असे लिहिले होते, या आठवड्यात ‘आवाज मागे न्यावा’ असे लिहिले. येथपर्यंत बदल म्हणजे सुधारणा होती. येथून पुढे बदल म्हणजे केवळ बदल आहे. दुसरे चिन्ह: नाव न पाहता सातवी आणि बारावी आवृत्ती सारख्याच मोठेपणाने ऐकली, तर कोणती कोणती हे सांगता येत नाही, किंवा जुनीच अधिक आवडते. तिसरे चिन्ह: काय करायचे आहे हे ठरवल्यावाचूनच आपण ते काम उघडून बसतो. हातात यादी नसताना उघडलेले काम सुधारत नाही, फक्त हाताळले जाते.

ही चिन्हे दिसावीत म्हणून थोडी शिस्त लागते. कामाची चार दारे मानावीत. गीत आणि चाल हे पहिले, गायन-वादन दुसरे, सर्व आवाजांचा मेळ बसवणे म्हणजे मिश्रण हे तिसरे, आणि अल्बमला अखेरचे रूप देणारे मास्टरिंग हे चौथे. प्रत्येक दाराला तारीख असावी आणि एक बंद झाल्यावर मागचे उघडू नये. मिश्रण करता करता शब्द बदलावेसे वाटणे, हा अल्बम लांबण्याचा राजमार्ग आहे. तो विचार पुढच्या अल्बमच्या वहीत टिपून ठेवावा.

मिश्रण झाल्यावर आठवडाभर ते ऐकू नये. मग संपूर्ण अल्बम एकदा, लहान आवाजात, पडदा न पाहता आणि कळफलकाला हात न लावता ऐकावा. जे खटकेल ते कागदावर लिहावे. काही दिवसांनी हेच पुन्हा करावे. दोन्ही कागदांवर जे समान असेल तेवढेच दुरुस्त करावे. गाडीत, मोबाइलच्या लहान स्पीकरवर, स्वयंपाकघरातल्या गडबडीतही एकदा ऐकावे, कारण श्रोता तेथेच ऐकणार आहे. चौथे दार शक्यतो दुसऱ्याच्या हाती सोपवावे. दुसऱ्याच्या हाती गेलेले काम परत मागवायला संकोच वाटतो, आणि तो संकोच येथे उपयोगी पडतो.

आणि एक ऐकणारा नेमावा. स्तुती करणारा नको, परीक्षकही नको. त्याला ‘कसे वाटले?’ असे विचारू नये. त्यावर घरातील प्रेमळ माणसे ‘छान’ असेच म्हणणार. ‘ऐकताना लक्ष कोठे उडाले?’ असे विचारावे. आईचे लक्ष दुसऱ्या कडव्यापाशी उडाले आणि मित्राचेही तेथेच उडाले, तर ते कडवे लांबले आहे. व्हर्नन यांना ‘अशीच असू द्या’ म्हणणारे भेटले. आपल्या मुलांना ते सांगणारा कोणी तरी घरात असला पाहिजे.

लवकर थांबणे म्हणजे हे नव्हे

यावरून कोणी कंटाळ्याला शहाणपण समजू नये. चुकलेला शब्द, बेसूर लागलेला षड्ज, ठेक्यातून निसटलेली साथ, मागे ऐकू येणारी कुकरची शिटी हे दोष दुरुस्त केलेच पाहिजेत; ते श्रोत्याला गीतातून बाहेर ओढतात. परंतु श्वासाचा आवाज, भावनेच्या भरात किंचित फाटलेला स्वर, गिटारच्या तारेवर बोट सरकल्याचा नाद हे दोष नव्हेत. त्यांमुळे तेथे माणूस आहे हे कळते. श्रोत्याला बाहेर नेते ते काढावे, आत नेते ते ठेवावे. ही निवड ज्याला साधली त्याला थांबणेही साधते.

आपल्या मैफलीत गवई भैरवी सुरू करतो तेव्हा त्याचे गाणे संपलेले नसते. त्याच्याजवळ आणखी राग असतात, आणि श्रोत्यांजवळ आणखी भूक असते. ती भूक शिल्लक आहे तोवरच भैरवी गोड लागते.

शेवटी, या सगळ्यात पणाला काय लागलेले असते याचाही विचार करावा. अठराव्या वर्षीचा आवाज बाविसाव्या वर्षी तोच राहत नाही. त्या वयात सुचलेल्या गीतातील उत्कटता चार वर्षांनी स्वतःलाच परकी वाटू लागते, आणि मग ‘आता हे काही खरे नाही’ असे म्हणून सारे काम मिटवले जाते. ज्या आजोबांनी कडी हलक्या हाताने लावली, त्यांना तो अल्बम ऐकायला मिळेलच असे नाही. आणि पहिला अल्बम हातावेगळा झाल्याशिवाय दुसरा सुचत नाही. पहिल्यात जे साधले नाही ते साधण्याची जागा दुसरा अल्बम हीच असते. अल्बम म्हणजे त्या वर्षीचे आपण. त्यावर ते वर्ष लिहिलेले असावे, इतकेच.

तेव्हा आपल्या घरात असे काम चालू असेल, तर त्या तरुण कलावंताला ‘झाले का?’ असे रोज विचारू नका. भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी त्याला बोलवा आणि एक तारीख त्याच्याच हाताने लिहायला सांगा. त्या दिवशी घरातील सर्वांनी एकत्र बसून अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा आहे, हेही सांगा. पंखा लावून ऐकला तरी चालेल.